शनिवारची कॅसेट

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): साताऱ्यात शाहूपुरीत राहणाऱ्या, पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या ४४ वर्षांच्या एका वाचक ताईंचं हे पत्र. त्यांच्या अपार्टमेंटमधली सात घरं महिन्याच्या शेवटच्या शनिवारी जेवणं उरकून एकत्र बसतात. ज्याचा नंबर असेल त्याने आपला सगळ्यात आवडता एक अल्बम आणायचा, सगळ्यांनी तो सलग ऐकायचा. मोबाईल दाराजवळच्या टोपलीत. आतापर्यंत निवडक नाट्यगीतं झाली, गझला झाल्या, संतूर-बासरीचा 'कॉल ऑफ द व्हॅली' झाला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' ऐकवला. आता नंबर ताईंचा. त्यांचा खरा आवडता अल्बम म्हणजे वडिलांची एक कॅसेट, प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातल्या भीमगीतांची. वडील एस.टी. डेपोत मेकॅनिक होते. ६ डिसेंबरला दादरला गेले असताना चैत्यभूमीजवळच्या स्टॉलवर त्यांनी ती घेतली होती. एका बाजूला बाबासाहेबांचा जन्म, शाळा, महाड. दुसऱ्या बाजूला नागपूरची दीक्षा आणि शेवटी महापरिनिर्वाण. त्यानंतर उरलेल्या टेपवर वडिलांनी स्वतःचा आवाज भरून ठेवला आहे. चार वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हापासून ताईंनी ती लावलेली नाही. आडनावावरून काही कळत नाही आणि सहा वर्षांत सोसायटीत कुणी विचारलेलं नाही. मिस्टर म्हणतात, 'कशाला उगाच? लताबाईंचं काहीतरी ने.' दहावीतली मुलगी म्हणते, 'मम्मी, आजोबांचीच ने, नाहीतर बरं नाही म्हणून सांग.' ताई विचारतात: काय नेऊ? आणि बाकीच्यांच्या अल्बमांसमोर आमची कॅसेट कशी दिसेल?

ताई,

ऐकायच्या गोष्टीबद्दल तुम्ही 'कशी दिसेल' असं लिहून गेलात. मला वाटतं, पत्रातली खरी गोष्ट त्या एका शब्दात सांगून झाली. आवाजाची काळजी तुम्हाला नाहीच. काळजी आहे ती कव्हरवरच्या निळ्या कोटातल्या फोटोची. टेपरेकॉर्डरशेजारी ती डबी पडलेली असेल, सहा घरांच्या नजरा आधी तिच्याकडे जातील आणि मग तुमच्याकडे वळतील, त्या मधल्या क्षणाची.

ही भीती मनाचा खेळ आहे असं मी म्हणणार नाही. 'आता कुठं राहिलंय तसलं काही' असं म्हणणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि भाड्याचं घर बघताना 'आडनाव काय म्हणालात?' हा प्रश्न त्यांना बहुतेक कधी दोनदा ऐकावा लागलेला नसतो. तुमचे मिस्टर 'कशाला उगाच' एवढंच म्हणाले, पण ते दोन शब्द त्यांना कुठेतरी किंमत मोजून मिळालेले असणार. त्यांच्यावर चिडू नका. ते कॅसेटला नाही म्हणत नाहीयेत, सहा वर्षांची शांतता जपतायत.

पण तुमच्या पत्रात एक शिडी आहे, तिच्याबद्दल मात्र बोलायला हवं. वरच्या पायरीवर नाट्यगीतं, मग गझल, मग संतूर, इंग्रजी अल्बमही बऱ्यापैकी वर, आणि आपली कॅसेट अगदी खाली जमिनीवर. ही शिडी तुमच्या सोसायटीतल्या कुणी लावलेली नाही. निदान पत्रात तरी तसं कुणी काही बोलल्याचं दिसत नाही. ती तुम्ही घरून बरोबर नेताय.

मी सांगलीची. आमच्याकडे नाट्यगीताचं नाव काढलं की माणसं ताठ बसतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' केलं, बालगंधर्वांचं नागठाणे पलूस तालुक्यातलं, हे आम्ही पाहुण्याला चहाच्या आधी सांगतो. हे सांगत नाही की त्याच काळात नाटकवाल्याला मुलगी द्यायला घरं तयार नसत. आणि ज्या पेटीशिवाय नाट्यगीताचं पान हलत नाही, ती पेटी आकाशवाणीने १९४० साली बंद केली होती. परदेशातून आलेलं वाद्य, तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, तिचे सूर बांधलेले, आपल्या श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, त्यात बसत नाहीत, अशी कारणं. बंदी उठायला १९७१ उजाडलं. म्हणजे एकतीस वर्षं पेटी 'कमअस्सल' होती आणि त्याच एकतीस वर्षांत घरोघरी, देवळात, जलशात ती वाजतच होती. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी तमाशात जाऊन पठ्ठे बापूराव झाले, ते तर आणखी वेगळं प्रकरण. त्यांच्या लावण्यांचा आज विद्यापीठात अभ्यास होतो, तेव्हा घरच्यांना काय वाटलं असेल याचा अंदाज करायला विद्यापीठ लागत नाही. सांगायचं एवढंच, की शिडीच्या पायऱ्या दर पन्नास वर्षांनी कुणीतरी हलवतं.

आता त्या इंजिनिअरिंगच्या मुलाचा शनिवार आठवा. १९७३ मधला इंग्लंडच्या चार जणांचा अल्बम. काळजाच्या ठोक्यांनी सुरू होतो, ठोक्यांवरच संपतो, गाणी एकमेकांत शिरलेली. तुमच्यापैकी कितीजणांना शब्द कळले असतील? तरी चाळीसेक मिनिटं सगळे बसलात. 'हे आपल्यातलं नाही' असं त्या पोराला कुणी म्हणालं नाही. उलट कुणीतरी 'हे घड्याळांचं कसं केलं असेल रे?' असं विचारलं असणार, त्यात एका जागी एकदम सगळी घड्याळं वाजतात ना. लंडन चाललं. मग ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या शाळेच्या पटावर लहानग्या भीमरावांचं नाव चढलं, ती राजवाड्याजवळची शाळा तुमच्यापासून किती लांब? तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. तुमच्या कॅसेटच्या पहिल्या बाजूला जी 'शाळा' आहे, तिच्यात साताराही आलाच. त्या बैठकीत आजवर जे काही वाजलं, त्यात सगळ्यात जवळच्या पत्त्यावरचं संगीत तुमच्याकडे आहे.

आणि एक, तुम्हाला कदाचित गंमत वाटेल. अल्बम म्हणजे काय, याचा जरा कीस पाडला तर तुमची कॅसेट त्या नाट्यगीतांपेक्षा जास्त 'अल्बम' आहे. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांच्या काळात अल्बम म्हणजे खरोखर फोटोंच्या अल्बमसारखी वही असायची, पानापानात तबकड्या घातलेली. १९४८ मध्ये लाँगप्ले आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळायला लागली आणि मग लोक गाण्यांच्या क्रमाचा विचार करायला लागले. १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' घ्या. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, आणि गोष्ट काय, तर काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस, सकाळच्या रागापासून पुढे सरकत जाणारा. मधलं एक काढून आधी लावलं तर दुपारनंतर सकाळ होईल. तुमच्या कॅसेटमध्ये दिवसाऐवजी अख्खं आयुष्य आहे. १९२७ चं महाड आणि १९५६ चं नागपूर यांच्यामध्ये बाजू बदलायला तुम्हाला उठावं लागतं. निवडक नाट्यगीतांचं तसं नाही, ती कुठूनही सुरू करा, कुठेही थांबा. (नाट्यगीतवाल्या काकांना हे वाचायला देऊ नका. माझ्या घरच्यांना तर अजिबात नको.)

एवढं सगळं सांगून 'तेव्हा ताई, धाडसाने न्या' असं मी म्हणेन असं वाटलं असेल तर थांबा.

लताबाईंचं काहीतरी नेणं हा पळपुटेपणा नाही. आपण कोण हे कुणाला, कधी, किती सांगायचं, याचा हक्क माणसाकडेच असतो. शनिवारच्या बैठकीने तो मागितलेला नाही आणि तुम्हीही तो तिथं जमा करायला बांधील नाही. फक्त 'काहीतरी' नेऊ नका. ज्यातलं एखादं गाणं लागलं की भाजी ढवळायची थांबता, असं न्या. नाहीतर तासभर तुम्ही स्वतःच्याच बैठकीत परक्यासारख्या बसाल, आणि ते कुणाला कळो न कळो, शेजारी बसलेल्या मुलीला कळेल.

मधला एक रस्ता आहे, तो तुमच्या मनात येऊन गेला असेल. प्रल्हाद शिंद्यांचीच विठ्ठलाची गाणी नेणं. माउलींची पालखी लोणंद-फलटणच्या वाटेवर असते तेव्हा दर दुसऱ्या चहाच्या टपरीवर जो गळा विठ्ठल आळवत असतो, तो त्यांचाच. तुमच्या सोसायटीतल्या प्रत्येकाने तो ऐकलेला आहे, नाव माहीत नसेल एवढंच. विठ्ठलाची गाणी तुम्हाला मनापासून आवडत असतील तर जरूर न्या. पण ती बुरखा म्हणून नेणार असाल तर माझं मत विरुद्ध आहे. सगळे वाहवा म्हणतील आणि तुम्ही मनात म्हणाल, हाच आवाज, हीच ढोलकी, पण दुसरी बाजू लावली असती तर? तो प्रश्न घेऊन झोपणं कॅसेट नेण्यापेक्षा अवघड.

कॅसेट न्यायची ठरवलीत तर तुम्हाला आणि तुमच्यासारख्या इतरांनाही उपयोगी पडेल असं थोडं सांगते. भीमगीतंच असं नाही. वगाची कॅसेट असेल, कव्वाली असेल, बँजो पार्टीचं रेकॉर्डिंग असेल, नव्वद सालचं डिस्को असेल. ज्याची लाज वाटते आणि जे आवडतंही, असं प्रत्येकाकडे एकतरी असतं.

खोलीत एकट्या जाऊ नका. त्या सहा घरांमध्ये एखादी बाई असेल जिच्या दारावर तुम्ही वाटी घेऊन सहज जाता. तिला आठवडाभर आधी सांगा, 'या वेळी मी वडिलांची भीमगीतांची कॅसेट लावणार आहे.' एवढंच. परवानगी मागू नका, 'चालेल ना?' तर अजिबात विचारू नका. तिचा चेहरा बघा. तो सगळ्या सोसायटीचा अंदाज नव्हे, पण शनिवारी त्या खोलीत एका माणसाला आधीच माहीत असेल. त्याने फार फरक पडतो.

लावण्याआधी दोन वाक्यं बोला, पाच नको. 'ही माझ्या वडिलांची. ६ डिसेंबरला दादरला घेतली होती, आमच्याकडे रविवारी सकाळी लागायची.' झालं. भीमगीतांचा इतिहास सांगण्याची जबाबदारी तुमची नाही. कुणी आपणहून विचारलं तर सांगा, की ही गाणी जलशातून, म्हणजे गाण्यांतून समाजाला जागं करणाऱ्या कार्यक्रमांतून आली, सत्यशोधकी जलशांच्या वाटेवर पुढे आंबेडकरी जलसे उभे राहिले, आणि माझ्या दहा सभांचं काम शाहिरांचं एक गाणं करतं अशा अर्थाचं बाबासाहेब म्हणत असं शाहीर मंडळी आजही सांगतात. न विचारता सांगायला लागलात तर गाणं बाजूला राहील आणि तुम्ही वकील होऊन बसाल. पिंक फ्लॉइडवाल्या पोराने इंग्लंडची बाजू मांडली होती का?

आणि वाजून झाल्यावर 'कसं वाटलं?' विचारू नका. हे मी स्वतः हात पोळून शिकले. ऑफिसातल्या एकाला मी एक जॅझची सीडी दिली होती, फार जीव असलेली. दर आठवड्याला विचारायचे, 'ऐकलीस का?' तीन महिन्यांनी त्याने परत केली, वरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. किती दिवस मी त्याच्यावर डूख धरून होते. पुढे एकदा त्याच्या मोटरसायकलवरून मिरजेला गेले तर हा बाबा हेल्मेटच्या आत अख्खी कानडी भजनं म्हणत होता, तालासकट. तीन महिन्यांत 'तू काय ऐकतोस?' हे मी एकदाही विचारलेलं नव्हतं.

आता यंत्राचं. चार वर्षं न लावलेली कॅसेट एकदम प्ले करायची नाही. टेपचे थर एकमेकांना धरून बसतात, ओढाताण झाली तर टेप चुरगळते. आधी बॉलपेन किंवा षटकोनी पेन्सिल घालून चाकं हाताने थोडी फिरवून बघा. मग पूर्ण पुढे, पूर्ण मागे, असं एकदा गुंडाळून घ्या. खालच्या तोंडाशी मधोमध एक बारीक स्पंजचा किंवा फेल्टचा तुकडा असतो, तो टेपला रेकॉर्डरच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. तो गळून पडला असेल तर आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो, आणि तुम्हाला उगाच वाटेल की टेपच गेली. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस दुसऱ्या कॅसेटचा तुकडा काढून पाच मिनिटांत बसवून देतो. रेकॉर्डरचं हेड कानाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. त्या काडीवर येणारा तपकिरी रंग बघून दचकू नका, तो टेपवरचाच लेप असतो.

एक गोष्ट शनिवारच्याही आधी करा. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन चौकोनी खाचा आहेत ना, त्यावर सेलोटेप चिकटवलेली असेल. विकतच्या कॅसेटवर त्या खाचा उघड्या असतात, म्हणजे वर काही भरता येत नाही. वडिलांनी सेलोटेप लावली म्हणून तर त्यांना आपला आवाज भरता आला. ती अजून तशीच असेल, तर रेकॉर्डचं बटण चुकून दाबलं गेलं की सगळं पुसलं जाईल. ती सेलोटेप आज काढून टाका. मग हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरला लावा आणि दोन्ही बाजू उतरवून घ्या. 'ऑडॅसिटी' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, दहावीतली मुलगी अर्ध्या तासात शिकेल. एक प्रत मोबाईलमध्ये, एक पेनड्राइव्हवर. नंतर टेप तुटली तरी वडील तुटणार नाहीत.

बैठकीत मात्र कॅसेटच लावा. साठ मिनिटांची असली तर एक बाजू अर्ध्या तासाची. पहिली बाजू पूर्ण होऊ द्या. कुणी चुळबुळलं नाही तर दुसरी. शेवटचं गाणं संपत आलं की रेकॉर्डरजवळ बसा, बोट स्टॉपच्या बटणावर.

या सदराचे वाचक त्या खोलीतल्या बाकीच्या सहा घरांत असण्याचीच शक्यता जास्त, म्हणून त्यांच्यासाठीही दोन शब्द. शेजारीण अशी कॅसेट घेऊन आली तर 'आमच्यात तसलं काही नसतं हं' हे वाक्य गिळून टाका. ते तिला धीर द्यायला म्हटलेलं असतं, पण पोचतं उलटं. 'एनर्जी आहे' हेही नको, ते न आवडलेल्या गोष्टीला द्यायचं उत्तेजनार्थ बक्षीस आहे. गाण्याबद्दल विचारा: ढोलकी कोण वाजवतंय, हे लिहिलं कुणी, मागे कोरसमध्ये बायका आहेत का. नाही आवडलं तर नाही आवडलं. संतूर सगळ्यांना आवडलं होतं असं थोडंच आहे.

ताई, वडिलांच्या आवाजाचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. मैफलीत तो नको. पण शनिवारच्या आधी एकदा घरात, तुम्ही, मिस्टर आणि मुलगी असताना तो लावा. चार वर्षांत तुम्ही कॅसेटला हात लावला नाहीत याचं कारण कव्हरवरचा फोटो नाही, शेवटची ती दोन-तीन मिनिटं आहेत, असा माझा अंदाज आहे. ती पहिल्यांदा सहा घरांसमोर चुकून वाजली तर तुम्हाला सावरायला जागा मिळणार नाही. आणि मिस्टरांनी सासऱ्यांचा आवाज ऐकल्यावर 'कशाला उगाच' पुन्हा म्हटलं, तर त्यांचं ऐका. ते पुन्हा तसं म्हणाले नाहीत, तर रेकॉर्डर उचलून न्यायला त्यांनाच सांगा.

डबी रेकॉर्डरशेजारी ठेवायची की पर्समध्ये, ते त्या वेळी ठरवा.